झोळीचा दाखला

लेकरू सांभाळून घरून नोकरी करणारी सून म्हणाली की दिवसभरात धड एक काम होत नाही, की आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय अन् घाटाखाली काय, उत्तर तयारच असतं. "आमी नाई का केलं? लेकरं बी पोसले अन् वावर बी केलं." बोलणारी बहुधा आजेसासू असते, म्हणून समोरची गप्प बसते. शिकलेल्या मंडळींचं उत्तर जरा इस्त्रीचं असतं: पहाटे पाचला उठा, मूल झोपलं की अवघड कामं उरका, वेळापत्रक भिंतीवर लावा. दोन्ही उत्तरांचा मथितार्थ एकच. दोन्ही कामं एका बाईकडून एकाच वेळी होतात. होत नसतील तर तीच कमी पडते. मला हे साफ अमान्य आहे.

आधी आजीचा दाखला घेऊ, कारण त्याला वजन आहे. बाभळीला लुगड्याची झोळी बांधून तान्हं निजवलं आणि आईने दिवसभर कापूस वेचला, हे खोटं नाही. पण झोळीची दोरी कोण ओढत होतं? पुष्कळ घरांत सात-आठ वर्षांची थोरली लेक. रडलं तर हलवायचं, मुंग्या झटकायच्या, पाणी पाजायचं, फारच आकांत केला तर उचलून आईच्या तासापर्यंत न्यायचं. तिची शाळा त्यातच सुटली. आजीच्या हिशेबात ही पोर कुठेच नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना हीच पोर दिसली. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेलं आणि १९५७ साली कोसबाडला गेलेलं त्यांचं बालशिक्षणाचं काम आदिवासी पाड्यांतलं. धाकटं भावंड कडेवर असेल तर मुलगी शाळेत येत नाही, हे त्यांनी ओळखलं आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. आईचं काम आजवर सुरळीत चाललं ते कुणाच्या तरी बालपणाच्या जिवावर, हे तिथे उघड झालं होतं.

दुसरा दाखला जिजाऊंचा. १२ जानेवारीला, त्यांच्या जयंतीला, सिंदखेडराजाला भाषणं होतात आणि हमखास कुणीतरी आजच्या आयांना टोमणा मारतो: जिजाऊंनी स्वराज्य घडवलं, तुम्हाला एक पोर आवरत नाही. अहो, त्याच जिजाऊंच्या नातवाला, संभाजीराजांना, दूध पाजायला कापूरहोळची धाराऊ गाडे होती. इतिहास तिला दूधआई म्हणून मानाने ओळखतो. राजघराण्याला जे कळत होतं ते व्यासपीठावरच्या वक्त्याला कळू नये?

आणि राजघराण्याचं सोडा, रोजगार हमीचं पाहा. २००५ च्या कायद्यात लिहिलं होतं की कामावर आलेल्या बायकांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांतल्याच एका बाईला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला मजुरीच्या दराने पैसे द्यायचे. बारकाईने वाचा. खड्डा खणणारीने खणता खणता पोर सांभाळावं असं तिथे म्हटलेलं नाही. पोर सांभाळणारी दुसरी, आणि तिचं नाव हजेरीपटावर. प्रत्यक्षात किती ठिकाणी असं झालं, हा वेगळ्या रडगाण्याचा विषय. पण तत्त्व मान्य झालं होतं. मग फावडं जाऊन लॅपटॉप आला की तेच तत्त्व कुठे गहाळ होतं?

चिखलीतल्या एखाद्या घरात सकाळी साडेदहाला डोकावा. पुण्याच्या कंपनीची मीटिंग सुरू आहे, लाईट गेली आहे, इन्व्हर्टर घरघरतो आहे. अडीच वर्षांचं लेकरू लॅपटॉपच्या चार्जरला लोंबकळतंय. ते बाजूला करावं तर ओट्यावर दूध वर आलेलं. कानातल्या हेडफोनमधून साहेब तिचं नाव घेतात, त्याच क्षणी मागून आरोळी येते, "आई, शी!" ती घाईघाईत म्यूटचं बटण दाबते, तोवर पंधरा जणांनी ऐकलेलं असतं. कुणी हसतं. ती माफी मागते. लेकराला धुवून परत येईपर्यंत तिच्या वाट्याचा विषय निघून गेलेला असतो. इथे भिंतीवरचं वेळापत्रक काय करणार? लेकराने ते वाचलेलं नाही. झोपलेल्या वेळेत काम उरका म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं, की मग आईने झोपायचं कधी. शेवटी हातात मोबाइल दिला जातो, घर शांत होतं, आणि पुन्हा तिलाच बोलणी बसतात.

बिघाड तिच्या नियोजनात नाही, हे आकडेही सांगतात. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, असं करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटं. मुलांची-म्हाताऱ्यांची देखभाल यात धरलेलीच नाही, ती वेगळी. घरात दिसणारी प्रत्येक उणीव बाईच्या खात्यावर मांडायची आणि पुरुषाचं खातंच उघडायचं नाही, ही खोड जुनी आहे. आमच्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून तिच्यावर कोरडे ओढले होते. लॅपटॉप त्यांना ठाऊक नव्हता, पण हा युक्तिवाद त्यांनी लगेच ओळखला असता.

घरून काम वाईट, असं मात्र मी म्हणत नाही. मेहकर-मलकापूरच्या शिकलेल्या पोरीला गावात तिच्या शिक्षणाजोगी नोकरी सहसा मिळत नाही, आणि पुण्यात खोलीचं भाडंच पगार खातं. घरबसल्या काम ही तिच्यासाठी मोठी सोय आहे. आई जवळ असणं लेकरालाही बरंच. पण जवळ असणं वेगळं आणि त्याच वेळी त्याच्यावर जबाबदारीने नजर ठेवणं वेगळं.

तेव्हा माझं म्हणणं सरळ आहे. कामाचे चार-पाच तास लेकरू दुसऱ्या कुणाच्या तरी जबाबदारीवर असलं पाहिजे, आणि तो माणूस आधी ठरलेला पाहिजे. बापही घरून काम करत असेल तर निम्मे दिवस "शी" ची हाक त्याच्या मीटिंगमध्ये ऐकू येऊ द्या. आजी सांभाळणार असेल तर तिला आधी विचारा, तिचे गुडघेही बघा. ती घरात आहे म्हणजे मोकळीच आहे असं धरू नका. तीन वर्षांचं झालं की अंगणवाडी आहेच, पण ती काही तासांची. दिवसभर लेकरू ठेवणाऱ्या अंगणवाडीची, म्हणजे केंद्राच्या 'पाळणा' योजनेतल्या पाळणाघराची, मागणी ग्रामसभेत आणि नगरपालिकेत रस्ता-नालीच्या जोडीने झाली पाहिजे.

कंपन्यांनाही सोडता येणार नाही. २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने ५० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेवर पाळणाघराचं बंधन घातलं, आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा दिली. त्याच दुरुस्तीने रजेनंतर परस्पर संमतीने घरून काम करण्याचीही सोय केली. आता पाळणाघर पुण्याच्या हिंजवडीत आणि लेकरू चिखलीत, तर त्या चार फेऱ्यांचं करायचं काय? पाळणाघराचा तेवढा खर्च कंपनीने गावातल्या पाळणाघरासाठी द्यावा.

"गावात पैसे देऊन कोण लेकरं सांभाळायला ठेवतं?" असं विचारणारे भेटतातच. त्यांच्याच घरात इन्व्हर्टर आहे. त्याची बॅटरी बसली की सुनेचं काम अडतं म्हणून नवी आणली जाते, आणि त्या खर्चाला कुणी चैन म्हणत नाही. शेजारच्या गल्लीतली एखादी अनुभवी बाई सकाळी चार तास तीन-चार घरांची लेकरं सांभाळायला तयार असते. तिला महिन्याला काय द्यायचं हे ठरवायला त्या तीन-चार घरांतले बाप एका संध्याकाळी एकत्र बसले तरी पुरे.