आयत्या पानाचं सुख

शनिवार-रविवारी पुणे-नाशिक रस्त्यावर जरा उभं राहून बघा. मंचर, नारायणगावच्या आसपास 'मासवडी' अशी पाटी लावलेल्या हॉटेलांसमोर पुण्या-मुंबईच्या गाड्या लागलेल्या असतात. लेण्याद्री-ओझरचा गणपती, शिवनेरी, भीमाशंकर, पावसाळ्यात माळशेज घाट आणि परतीच्या वाटेवर मासवडी, झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी. जुन्नर तर २०१८ साली पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. त्या गाड्यांतून उतरणाऱ्या बायका निवांत टेकून बसतात. ताट समोर येतं, गरम भाकरी पानात पडते. त्यांचा मला हेवा नाही. उलट आपलं खाणं लोकांना आवडतं याचा अभिमानच वाटतो. प्रश्न पडतो तो वेगळाच. ज्या भागातल्या बायकांच्या हातची मासवडी खायला माणसं पेट्रोल जाळून इतक्या लांब येतात, त्या बायका दुसऱ्या कुणी वाढलेल्या पानावर शेवटच्या कधी बसल्या होत्या?

मासवडी म्हणजे काय खटाटोप आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. तीळ-खोबरं भाजा, कांदा-लसूण परता, सारण कुटा. बेसन घाटून ओल्या फडक्यावर थापा, सारण भरा, माशासारखा आकार देऊन वड्या कापा. वर रश्शाचं वाटण वेगळंच. एवढं सगळं करून घरातली बाई स्वतः जेवायला बसते तेव्हा पातेल्यात काय उरलेलं असतं? मोडक्या वड्या आणि तळाचा रस्सा.

बचत गटाच्या कामानिमित्त जुन्नर-आंबेगावच्या गावांतून माझं जाणं-येणं असतं. बैठकीत कर्जाचे हप्ते, हजेरी, सह्या आटोपल्या की मी कधी कधी एक साधा प्रश्न विचारते, "बायांनो, तुम्हाला स्वतःला खायला काय आवडतं?" आधी सगळ्या गप्प. मग एकेक उत्तर येतं. "ह्यांना शेंगोळी लई आवडतात." "पोरांना नूडल्स पाहिजे असतात." "सासऱ्यांना मऊ भात लागतो." मी म्हणते, अगं, तुझं सांग की! एकदा एक मावशी हसत हसत म्हणाल्या, "मला ना ताई, उरलेलं आवडतं." सगळ्याजणी खो खो हसल्या. मीही हसले. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

मावशींनी गमतीत सांगितलं ते सरकारी आकड्यांतही दिसतं. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून जास्त जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याआधीच्या, २०१५-१६च्या पाहणीत हा आकडा ४८ टक्के होता. म्हणजे घराघरांत टीव्ही, मोबाईल, गॅस आले आणि बाईच्या अंगातलं रक्त मात्र घटलं. याची कारणं अनेक आहेत, पण सगळ्यांच्या मागून आणि उरलेलं खाणं हे त्यातलं एक आहेच. २०२४च्या वेळ-वापर पाहणीचा आकडाही ऐका. बिनपगारी घरकामात आपल्या देशातली बाई दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते आणि जे पुरुष घरकाम करतात, ते ८८ मिनिटं. जवळजवळ पाच तास आपले आणि दीड तास त्यांचा!

म्हणून आज मला दोन छोट्या आनंदांची बाजू घ्यायची आहे. एक, घरी हौसेनं केक-बिस्किटं भाजण्याचा आणि दुसरा, मोठ्या शहरात जाऊन हॉटेलात आयतं जेवण्याचा. दोन्हींना आपल्याकडे 'चोचले' म्हणतात. मला वाटतं, जिचा निम्मा जन्म चुलीपुढे जातो, तिला अन्नातून मिळणाऱ्या आनंदावर तिचाही हक्क आहे.

आधी भाजण्याचं. तसं आपल्याला हे काही नवं नाही. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, पिठीसाखर, तूप डब्यात भरून बेकरीत न्यायचं आणि पत्र्याच्या ट्रेमधून नानकटाई भाजून आणायची, ही रीत माझ्या पिढीतल्या प्रत्येकीनं पाहिली आहे. घरी परत येईपर्यंत डब्याच्या फटीतून येणारा तो वास! पुढे काचेच्या झाकणाचा गोल अॅल्युमिनियमचा ओव्हन आला. तो कुणाच्या लग्नात आहेर म्हणून यायचा आणि बरेचदा माळ्यावर जाऊन बसायचा, कारण केक निम्मा फुगला की भारनियमनाची वेळ व्हायची. आता परिस्थिती बदलली आहे. तालुक्याच्या बाजारात बेकिंग पावडर, कोको, केकचे साचे सहज मिळतात आणि मोबाईलवर शिकवणाऱ्याही ढीगभर आहेत.

पण खरं सांगू का, या भाजण्यातलं सुख साहित्यात नाहीच. भाकरी ही मागितली जाते. ती केली तर कुणी कौतुक करत नाही, नाही केली तर मात्र घर डोक्यावर घेतात. केक कुणी मागितलेला नसतो. तो बाई स्वतःच्या मनानं करते. दुपारी सगळे आपापल्या कामाला गेल्यावर, स्वतःच्या वेळात, स्वतःच्या चवीनं. रोजच्या पाच तासांत तिनं स्वतः निवडलेला हाच काय तो एक तास.

त्यासाठी महागडा ओव्हनही लागत नाही. आपल्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकरच्या डोंगरात महादेव कोळी भगिनी पिढ्यान्‌पिढ्या नाचणी पिकवतात. तिचाच केक करून बघा. एक वाटी कणीक, एक वाटी नाचणीचं पीठ, वाटीभर चिरलेला गूळ, वाटीभर दही, अर्धी वाटी तूप किंवा तेल, एक चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा. सैलसर होण्यापुरतं दूध घाला. दह्याच्या आंबटपणाशी सोड्याची गाठ पडली की बुडबुडे येतात, त्यानंच केक फुलतो. अंडी लागत नाहीत. नाचणीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून नुसत्या नाचणीचा केक भुसभुशीत होऊन मोडतो. निम्मी कणीक हवीच. जुन्या, जाड बुडाच्या पातेल्यात तळाला मीठ पसरा, वर स्टँड ठेवा, झाकण घालून दहा मिनिटं तापवा. मग केकचं भांडं आत ठेवून मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटं. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाला.

घरच्या भाजण्याचा आणखी एक फायदा म्हणजे आत काय घातलंय ते आपल्याला ठाऊक असतं. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटमुळे हृदयाचे आजार वाढतात, म्हणून आपल्या देशात जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात त्यांचं प्रमाण दोन टक्क्यांच्या वर नसावं असा नियम झाला. घरी साजूक तूप किंवा साधं तेल वापरलं की ही चिंताच नाही. अर्थात घरचा झाला तरी केक तो केकच. साखर-मैदा रोज पोटात गेला तर त्रास होणारच.

आता एक धोका सांगते. घरात केक चांगला झाला रे झाला की दुसऱ्या दिवशी कुणीतरी म्हणतं, "वहिनी, विकत का नाही? चार पैसे मिळतील." मिळतील, नक्की मिळतील. स्वयंपाकाच्या जोरावर बाई पायावर उभी राहते, हे आपल्या राज्यानं पाहिलंय. १९५९ साली गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटले, त्याचं लिज्जत झालं. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं, म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तेव्हा विकायचं असेल तर जरूर विका. अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करा, मैद्या-तुपाबरोबर गॅसची आणि स्वतःच्या मेहनतीचीही किंमत धरा. 'घरचंच तर आहे' म्हणत निम्म्या दरात देऊ नका. पण विकायचं नसेल तर तसं ठामपणे सांगा. घरातले पुरुष पारावर पत्ते खेळतात, क्रिकेट बघतात, त्यांना कुणी विचारतं का, की यातून चार पैसे का नाही मिळवत? मग बाईच्या प्रत्येक हौसेला कमाईची पावती का जोडायची? निव्वळ आवड म्हणून केलेली गोष्टही मोलाची असते.

आता दुसरा आनंद, आयत्या पानाचा. बाहेर खाण्यावरून आपल्याकडे केवढं रामायण झालंय! १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखी माणसं त्यात होती. त्या चहावरून ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एवढ्या मोठ्या पुरुषांची ही गत, तिथे बाईनं हॉटेलची पायरी चढायला किती वर्षं लागली असतील! इराणी हॉटेलांत बायकांसाठी 'फॅमिली रूम' असायची, म्हणजे पडद्याआडची खोली. नवरा सोबत असेल तर तिथे बसायचं आणि भराभर खाऊन उठायचं.

आज पुण्यात तो पडदा राहिला नाही. फर्ग्युसन रस्त्यावर 'वैशाली'त बायकांचे घोळके डोसा खात तास-तास गप्पा मारतात. डेक्कनला १९३५ सालापासूनच्या 'गुडलक'मध्ये कॉलेजच्या मुली बन-मस्का मागवतात. कॅम्पात ईस्ट स्ट्रीटवर १९५५ साली सुरू झालेल्या 'कयानी' बेकरीसमोर श्रूजबेरी बिस्किटांसाठी रांग लागते. आपण मात्र पुण्याला जातो ते दवाखान्यात, लग्नाला, नाहीतर लेकाच्या कॉलेजच्या प्रवेशाला. सोबत डबा बांधलेला असतो आणि तोही झाडाखाली बसून दुसऱ्यांना वाढायचा असतो.

यावर काय बोललं जातं ते मला माहीत आहे. "घरचं अन्न सोडून पैसे कशाला उडवायचे?" शेतकऱ्याच्या घरात हा प्रश्न साधा नाही. टोमॅटो, कांद्याचा भाव कोसळला की कसे दिवस येतात, ते मी जवळून पाहिलंय. कर्ज काढून, मुलांच्या शिक्षणाला हात लावून हॉटेलात जा, असं मी मुळीच म्हणणार नाही. दर रविवारी बाहेर खाणं हे खिशाला आणि पोटालाही परवडायचं नाही. पण ज्या घरात मित्रमंडळींच्या ढाब्यावरच्या बैठकांना पैसे निघतात, तिथे आईच्या वर्षातून एका थाळीला निघू नयेत? मग अडचण पैशांची नाही, नजरेची आहे.

वाट निघते, आपण काढली तर. बहुतेक गावांत आपली भिशी असतेच. त्यात महिन्याला आणखी १०० रुपये वेगळे टाका. वर्षाला एकीचे १२०० झाले. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. सकाळची गाडी धरा, वाकडेवाडीला उतरा. शिवाजीनगरचं एसटी स्टँड २०१९च्या अखेरीला तिकडे हललंय, हे लक्षात असू द्या. तिथून रिक्षा किंवा शहर बस. एक पोटभर थाळी, वाटलं तर एक आइस्क्रीम, घरच्यांसाठी बिस्किटांचा पुडा आणि दिवेलागणीला परत. गेल्यावर कुणी कुणाला वाढायचं नाही, एवढा एकच नियम. 'तुम्ही घ्या आधी, मी नंतर' असं म्हणणारीला दहा रुपये दंड!

हॉटेलात बसल्यावर वेटर विचारतो, "ताई, काय आणू?" हा प्रश्न लहान नाही. घरात तो आपण सगळ्यांना विचारतो, आपल्याला कुणी विचारत नाही. पहिल्यांदा कदाचित उत्तर सुचणार नाही, नजर बाजूच्या ताटाकडे जाईल. जाऊ द्या. आवड सांगायचीसुद्धा सवय लागते. एकदा ती लागली की घरातही सांगता येते, आणि फक्त जेवणापुरतीच नाही. मला हे नको, मला हे हवं, हे बाईला ताटावर सांगता आलं, तर उद्या मुलीच्या लग्नाबद्दल, सातबाऱ्यावरच्या नावाबद्दल, ग्रामसभेतल्या ठरावाबद्दलही सांगता येईल.

आणि पुणं वर्षातून एकदाच. उरलेले दिवस घरातच काढायचेत. तेव्हा मैत्रिणींनो, आठवड्यातून एक रात्र तरी सगळ्यांच्या बरोबरीनं जेवायला बसा. भाकऱ्या आधी करून ठेवा, थोड्या गार झाल्या तरी चालतील. वाढायचं काम लेकाला सांगा, लेकीलाच नको. पहिल्या दिवशी आमटी सांडेल, मीठ वाढायचं राहील. हसून सोडून द्या. आणि वडी घेताना मात्र मोडकी नको, अख्खी घ्या.