पुढे यायचे, की थांबायचे?

शालेय फुटबॉलचा संघ निवडताना गोलरक्षकाची जागा बहुधा शेवटी भरली जाते. वेगाने पळणारी मुले पुढे, दणकट मुले बचावात आणि उरेल तो ‘गोली’. मग बचावफळी भेदून प्रतिस्पर्धी आघाडीवीर एकटाच चेंडू घेऊन आला की बाहेरून आरोळी उठते, ‘समोर निघ बे, समोर!’ मुलगा धावत सुटतो, चेंडू त्याच्या बगलेतून जाळ्यात जातो आणि खापर कधी त्याच्या भित्रेपणावर, कधी नशिबावर फुटते. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या शाळांनी फुटबॉल मनावर घ्यायचा असेल, तर हा समज आधी दूर करावा लागेल. आमनेसामनेच्या लढतीत धाडस लागतेच; पण गोल वाचतो तो योग्य वेळी घेतलेल्या निर्णयामुळे, आणि असा निर्णय घ्यायला शिकवता येते.

हिशेब साधा आहे. गोलची रुंदी ७.३२ मीटर. चेंडू पेनल्टीच्या खुणेवर, म्हणजे गोलपासून ११ मीटरवर असेल आणि गोलरक्षक रेषेवरच थांबला, तर त्याला ही सगळी रुंदी राखावी लागते. तोच चेंडूपासून ३ मीटरवर येऊन उभा राहिला, तर गोलकडे जाणाऱ्या साऱ्या वाटा तिथे सुमारे २ मीटरच्या पट्ट्यात एकवटलेल्या असतात. हातपाय पसरलेले शरीर त्यातला बराचसा भाग अडवते. कोन कमी करणे म्हणतात ते हेच.

मात्र जवळ येण्याची किंमत वेळेत मोजावी लागते. ताशी ७२ किलोमीटर वेगाने मारलेला चेंडू ३ मीटर अंतर ०.१५ सेकंदात कापतो. डोळ्यांनी पाहून हात हलवायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. म्हणजे इतक्या जवळून चेंडू ‘पाहून’ अडवता येत नाही. फटका बसण्याआधीच शरीर अडसर होऊन तयार असावे लागते. रेषेजवळ थांबलेल्याला निदान अर्धा सेकंद मिळतो, तो झेप घेऊ शकतो. सर्वांत वाईट गत होते ती अधल्यामधल्या गोलरक्षकाची. चेंडूपासून ६ मीटरवर तो घुटमळला, तर राखायची रुंदी ४ मीटर आणि हाताशी वेळ ०.३ सेकंद. धड झेप नाही, धड अडसर नाही. बहुतेक मुले नेमकी इथेच सापडतात, कारण ‘निघ’ एवढेच त्यांना सांगितलेले असते. कधी निघायचे आणि कुठे थांबायचे, हे कोणी सांगितलेले नसते.

याचे उत्तर आघाडीवीराच्या पायाशी असते. चेंडू त्याच्या पायापासून सुटून पुढे गेला, त्याची मान खाली गेली, की गोलरक्षकाने दोन-तीन झपाझप पावलांत अंतर खायचे. त्याने मान वर केली, मारण्यासाठी पाय मागे घेतला, की जिथे असू तिथे थांबायचे : पाय खांद्याइतके फाकलेले, भार चवड्यांवर, हात खाली आणि बाजूला. पळता पळता कुणाला अडवता येत नाही. कबड्डी अंगात मुरलेल्या या भागात हे पटवणे जड जाऊ नये. कोपरारक्षक चढाईपटूच्या अंगावर आधीच धावून जात नाही. त्याचा पाय आत पडेपर्यंत दम धरतो आणि मगच घोटा धरतो.

पुढचे काम तीन प्रकारचे. आघाडीवीराचा चेंडू लांब सुटला, तर आडवे पडून तो कवेत घ्यायचा : आधी हात, मागे लांब पसरलेले अंग. चेंडू त्याच्या ताब्यात आणि अगदी जवळ असेल, तर एक गुडघा आत खाली आणून दोन पायांमधली फट बुजवायची, दुसरा पाय बाजूला लांबवायचा, हात पसरायचे. आणि तो अजून दूर असेल, तर उभे राहून त्याला कडेला रेटायचे, म्हणजे मागून बचावपटू येऊन पोहोचतात. आधी जमिनीवर लोळणारा गोलरक्षक आघाडीवीराचा निर्णय सोपा करतो.

१८ डिसेंबर २०२२ रोजी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात हे जगाने पाहिले. १२३वे मिनिट, अर्जेंटिना आणि फ्रान्स ३-३. लांबून आलेला चेंडू फ्रान्सच्या रँडल कोलो मुआनीने एकट्याने गाठला. अर्जेंटिनाचा गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझ पुढे आला, फटक्याच्या क्षणी हातपाय फाकवून उभा ठाकला आणि लांबवलेल्या डाव्या पायाने चेंडू परतवला. नंतर पेनल्टींवर अर्जेंटिनाने ४-२ अशी बाजी मारली. डेन्मार्कचा पीटर श्मायकेल अंग ताऱ्यासारखे पसरून असेच गोल वाचवायचा. लहानपणी खेळलेल्या हँडबॉलमधून ते त्याच्या अंगवळणी पडले होते. आपल्या आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धांत कबड्डी, खो-खोबरोबर हँडबॉलही असतो. फुटबॉलचा गोलरक्षक तिथे आधी शोधायला हवा.

धोक्याची जाणीवही द्यायला हवी. ऑक्टोबर २००६ मध्ये रीडिंगविरुद्धच्या सामन्यात चेल्सीचा गोलरक्षक पीटर चेक याच्या डोक्याला प्रतिस्पर्ध्याचा गुडघा लागून कवटीला तडा गेला. पुढे तो संरक्षक टोपी घालूनच खेळला. म्हणून चेंडूवर आधी हात जावेत, डोके त्यांच्या आड राहावे. नियमही ठाऊक हवा : पेनल्टी क्षेत्राबाहेर गोलरक्षकाला चेंडूला हात लावता येत नाही; आणि स्पष्ट गोलसंधी क्षेत्राच्या आत, चेंडूसाठीच्या प्रामाणिक प्रयत्नात फाऊलने हुकली, तर २०१६ पासून लालऐवजी पिवळे कार्ड आणि पेनल्टी अशी शिक्षा आहे.

कडक मुरुमावर मुलांना पाडून शिकवू नये, हे खरेच. पण गुडघ्यांवर बसून, मग उकिडवे, मग उभ्याने असा क्रम ठेवला तर भीती जाते. धानपट्ट्यात तणसाची कमतरता नाही. पोत्यांत भरून अंथरले की पडण्याचा सराव होतो. सराव ठरावीक हवा : एक आघाडीवीर, एक गोलरक्षक, चेंडू २० मीटरवरून सोडलेला, आणि प्रत्येक वेळी मुलाला एकच प्रश्न : निघालास कधी, थांबलास कुठे? गोल झाला की वाचला, हे त्यानंतर.

१५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘मिशन वन मिलियन’ या फुटबॉल उपक्रमाच्या निमित्ताने राज्यभरातील शाळांत फुटबॉल पोहोचले. चेंडू देणे ही सुरुवात होती. सुब्रतो चषक या शालेय फुटबॉल स्पर्धेला संघ नेणाऱ्या क्रीडाशिक्षकांसाठी जिल्हा क्रीडा कार्यालये आणि आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयांनी गोलरक्षणाचे एक-दोन दिवसांचे वर्ग घ्यावेत. खर्च नगण्य आहे. आणि शाळांनी संघ निवडताना सर्वांत आधी गोलरक्षक निवडावा. ज्याची नजर स्थिर आहे आणि ज्याला थांबता येते, त्या मुलाला किंवा मुलीला ही जागा मानाने मिळावी.