पिंजऱ्यातली बोली

अमेरिकेच्या मुख्य भूमीला स्वतःचा असा एक पोपट होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? हिरवे अंग, पिवळे डोके, केशरी चेहरा. त्याचे नाव कॅरोलिना पॅराकीट. फळबागांची नासाडी करतो म्हणून शेतकऱ्यांनी त्याला मारले, आणि टोप्यांवर पिसे खोवण्याच्या फॅशनने उरलासुरला संपवला. जखमी सोबत्याभोवती सगळा थवा परत घिरट्या घालायला येई, त्यामुळे बंदुकवाल्याला जागचे हलायचीही गरज पडत नसे. शेवटचा नर, इन्कास, २१ फेब्रुवारी १९१८ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात गेला. त्याची जोडीदारीण लेडी जेन आधीच गेली होती.

मग पोपट वाचवायचे तर पिंजऱ्यात वाढवून रानात सोडावेत, झाले! वाचायला सोपे वाटते. १९८६ ते १९९३ या काळात ॲरिझोनाच्या चिरिकाहुआ डोंगरात जाड चोचीचे पोपट सोडून पाहिले. पूर्वी मेक्सिकोतून त्यांचे थवे तिथवर येत असत. तस्करांकडून जप्त केलेले, रानात वाढलेले पक्षी काही काळ टिकले. माणसाने हाताने भरवून वाढवलेल्यांना मात्र पाइनचे बोंड फोडून बी काढता येईना, आणि थव्यात राहायचे असते हेही त्यांना कळेना. ससाण्यांची चंगळ झाली. प्रयोग गुंडाळावा लागला. चोच जन्मजात मिळते, ती वापरायची रीत थोरांकडून शिकावी लागते.

खरी शिकण्यासारखी गोष्ट प्वेर्तो रिकोची. तिथल्या पोपटाला टाइनो लोक 'इग्वाका' म्हणत. हिरवा, कपाळावर लाल पट्टा, डोळ्याभोवती पांढरे कडे. शेतीसाठी जंगल तुटले, पिल्ले पाळायला पळवली गेली, आणि १९७५ साली रानात उरले फक्त १३ पक्षी. सगळे एल युंके नावाच्या एका डोंगरी जंगलात. सरकारी शास्त्रज्ञांनी त्याच डोंगरात पक्षिगृह उभारले होते. युक्ती अशी : काही अंडी उचलून कृत्रिम उबेत ठेवायची, म्हणजे मादी पुन्हा घालते. अंडी उबवायला आणि पिल्ले सांभाळायला शेजारच्या हिस्पॅनिओला बेटावरच्या पोपटिणी, म्हणजे दाई! १९८९ च्या ह्यूगो वादळात रानातले निम्मे पक्षी गेले, तेव्हा 'सगळी अंडी एका टोपलीत नकोत' हे पटले आणि १९९३ मध्ये रिओ अबाहोला दुसरे पक्षिगृह झाले.

सोडण्याआधीची शिकवणी तर ऐकण्यासारखी आहे. पिंजऱ्यावरून ससाण्याची आकृती फिरवायची, त्याची किंकाळी ऐकवायची. शेवटच्या धड्यात एका दाई-जातीच्या पोपटाला चामड्याचे जाकीट घालून, त्याच्यावर पाळीव ससाणा सोडायचा आणि इग्वाकांना ते बघू द्यायचे. आमच्या काळच्या मास्तरांनाही हे सुचले नसते. पण हे शिक्षण घेतलेले पक्षी रानात जास्त तगले.

२० सप्टेंबर २०१७ ला मारिया वादळ आले. पिंजऱ्यातले पक्षी आधीच काँक्रीटच्या खोल्यांत हलवले होते, ते वाचले. रिओ अबाहोच्या रानातलेही बरेच वाचले. एल युंकेच्या रानातले जवळपास सगळे गेले. पिंजरा म्हणजे बंदिवास, असे मानणाऱ्यांपैकी मीही एक. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याखाली देशी पोपट पाळणे गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या सप्टेंबरात पिंजरे नसते तर इग्वाका एकाच जंगलाच्या भरवशावर राहिला असता, हे नाकारता येत नाही.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा विषय काढला. संशोधकांनी ठिकठिकाणच्या इग्वाकांचे आवाज ध्वनिमुद्रित करून ताडून पाहिले. प्रत्येक थव्याची बोली वेगळी निघाली! मूळ कूळ एकच, एल युंकेच्या रानातले. पण पक्षिगृहात वाढलेल्यांची हाक बदलली होती. त्यात त्या परक्या दायांचा हात असावा, असा तर्क आहे. रिओ अबाहोला ही पक्षिगृहाची बोली पुढे आणखी बदलली. आणि मूळ रानबोली जे बोलत होते ते मारियात गेले, त्यामुळे ती आता कुठल्याच रानात ऐकू येत नाही.

रविवारच्या मराठी शाळेत शिकवणाऱ्या आमच्या मैत्रिणींना हे सांगितले तेव्हा त्या क्षणभर गप्प झाल्या. मग एकीने विचारले, "पण एकमेकांचे कळते ना त्यांना?" कळत असावे. जोड्या जमतात, पिल्ले होतात.

२०२० पासून एल युंकेत पुन्हा पोपट सोडू लागले आहेत. ते पक्षिगृहात शिकलेल्या हाकाच मारतात. त्यांची पिल्ले ढोलीतून पहिल्यांदा बाहेर डोकावतील, तेव्हा त्या डोंगरात त्यांना त्याच ऐकू येतील.