भिंत कोणी राखावयाची?

इटलीच्या द्राक्षमद्यांचा विषय निघाला की तोस्काना आणि पिएमोंते या प्रांतांची नावे प्रथम ओठांवर येतात. लिगुरियाचे नाव सहसा कोणी घेत नाही. या चिंचोळ्या किनारी प्रांताच्या पूर्व टोकाला, ला स्पेत्सिया बंदराच्या पश्चिमेस, मोन्तेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही पाच गावे आहेत. ‘चिंक्वे तेर्रे’, म्हणजे ‘पाच भूमी’, हे त्यांचे सामायिक नाव. समुद्रावर झुकलेल्या रंगीत घरांच्या छायाचित्रांमुळे ही गावे जगाला ठाऊक झाली. तथापि ज्या द्राक्षमळ्यांच्या आधाराने ती शतकानुशतके नांदली, ते मळे आज थोडेच उरले आहेत. ही चिंता केवळ मद्याच्या शौकिनांनी करावयाची आहे असे मात्र नाही.

या किनाऱ्यावर सपाट जमीन जवळजवळ नाहीच. डोंगर थेट समुद्रात उतरतो. त्याच्या उतारावर पिढ्यानुपिढ्यांच्या श्रमाने लोकांनी पायऱ्यापायऱ्यांची शेते केली आणि प्रत्येक पायरीला दगडी भिंतीचा आधार दिला. चुना वा सिमेंट न वापरता नुसता दगडावर दगड रचावयाचा, हे तेथील तंत्र. कोकणातला शेतकरी ज्याला गडगा म्हणतो, तसेच हे बांधकाम. दगडांमधील फटींतून पावसाचे पाणी निथळून जाते आणि माती जागेवर राहते.

या मातीत बोस्को, अल्बारोला आणि वेर्मेंतिनो या जातींची पांढरी द्राक्षे होतात. त्यांपासून एक गोडी नसलेले पांढरे मद्य तयार करतात. निवडक घड वाऱ्यावर सुकवून, नोव्हेंबर उजाडल्यावर त्यांचा रस काढला, म्हणजे ‘शाक्केत्रा’ हे अंबरी रंगाचे गोड मद्य होते. चौदाव्या शतकात बोकाच्चोने ‘डेकॅमेरॉन’मधील एका कथेत कोर्निल्याच्या मद्याचा उल्लेख केला आहे. १९७३ साली येथील मद्यांना उगमस्थानाचे कायदेशीर संरक्षणही मिळाले. सारांश, नावलौकिक आणि कायदा यांची उणीव येथे नाही. उणीव आहे ती हिशेबाच्या मेळाची.

या उतारावर ट्रॅक्टर चालत नाही. घडांच्या पेट्या वाहून नेण्यासाठी काही ठिकाणी दातेरी रुळावरून चालणारी एकेरी गाडी आहे. बाकी सारी कामे माणसाच्या हातांनीच होतात. शाक्केत्रासाठी द्राक्षे सुकविल्यावर त्यांच्या मूळ वजनाच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश रस हाती लागतो. साहजिकच बाटली महाग होते. परंतु भिंतींच्या डागडुजीचा सारा खर्च तिच्यावर चढविला, तर ग्राहक दुसरी बाटली घेईल. मानवी श्रम महाग झाल्यावर अशी शेती मागे पडणे अटळ होते. १८६९ मध्ये ला स्पेत्सियाचे नौदल कारखाने सुरू झाले, १८७४ मध्ये जेनोवा ते ला स्पेत्सिया लोहमार्ग पूर्ण झाला, आणि नियमित मजुरीची वाट मोकळी झाली. पुढे पर्यटन आले. मळ्यात राबण्यापेक्षा पाहुण्यांना खोली भाड्याने देणे ज्याला फायद्याचे वाटले, त्याला दोष देता येणार नाही. त्याचा हिशेब बरोबरच आहे. चुकतो आहे तो समाजाचा हिशेब.

मळा सोडला म्हणजे केवळ द्राक्षे बुडतात असे नाही. पाण्याच्या वाटा बुजतात, झुडपांची मुळे दगड हलवितात, रानडुकरे माती उकरतात आणि एखाद्या पावसाळी दिवशी भिंत कोसळते. २५ ऑक्टोबर २०११ रोजी अतिवृष्टीने चिखल आणि दगडांचे लोंढे वेर्नात्सा व मोन्तेरोस्सो या गावांत शिरले, रस्ते गाडले गेले, माणसे दगावली. इतका पाऊस झाल्यावर सारा दोष पडीक शेतांवर टाकणे अन्यायाचे होईल. परंतु नव्यानेच सोडून दिलेल्या पायऱ्या अधिक प्रमाणात खचल्या, असे त्यानंतरच्या पाहणीत दिसून आले. भिंत राखणारा शेतकरी वर द्राक्षे पिकवितो आणि खाली गाव राखतो. पहिल्या कामाचे दाम बाजार देतो. दुसऱ्याचे कोणीच देत नाही.

गौरव पुष्कळ झाले. १९९७ मध्ये युनेस्कोने हा प्रदेश जागतिक वारसा ठरविला, १९९९ मध्ये राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, आणि २०१८ मध्ये कोरड्या दगडी बांधकामाच्या कलेला इटलीसह आठ देशांचा अमूर्त वारसा म्हणून मान्यता मिळाली. भिंतींच्या दुरुस्तीचे काही उपक्रमही झाले. तथापि प्रसंगोपात्त अनुदान निराळे आणि वर्षानुवर्षे चालणारा मोबदला निराळा. २०१२ साली दरड कोसळून बंद पडलेली ‘व्हिया देल्लामोरे’ ही प्रसिद्ध पाऊलवाट मोठा खर्च करून २०२४ मध्ये पुन्हा खुली करण्यात आली. पर्यटकांच्या पायांखालील वाटेसाठी पैसा उभा राहू शकतो, तर त्यांच्या डोक्यावरील भिंतीसाठी तो का राहू नये?

न परवडणारी शेती जगवावीच कशाला, पगारी कामगारांकडून भिंती राखून घ्याव्यात, असा आक्षेप घेतला जाईल. तो वरवर योग्य वाटतो. परंतु एक दगड निसटला की तो पुन्हा बसविणे हे घटकाभराचे काम. संपूर्ण भिंत ढासळल्यावर तेच काम आठवड्यांचे होते. तो पहिला दगड ज्याच्या दृष्टीस पडतो, तो रोज मळ्यात जाणारा मनुष्यच असतो, आणि मळ्यात त्याला नेते ती द्राक्षाची वेल. म्हणून पाऊलवाटांच्या शुल्कातील आणि निवासकरातील ठरावीक हिस्सा, राखलेल्या भिंतीच्या लांबीनुसार, दरवर्षी शेतकऱ्याच्या हाती पडला पाहिजे. त्याला दान म्हणण्याचे कारण नाही. ती केलेल्या कामाची मजुरी आहे.

दृश्य पाहावयास येणाऱ्याने ते दृश्य उभे ठेवणाऱ्याला काही द्यावे, यात अवाजवी असे काहीच नाही. ते दिले नाही, तर मद्य जाईल, मागोमाग भिंत जाईल, आणि मग पाहावयास यावे असे त्या डोंगरावर फारसे उरणार नाही.