मुदतवाढीचे आश्वासन

सुट्ट्यांचे बुकिंग सुरू झाले की आपल्या काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येते : "आत्ता जाऊन तर या, तिकडे गेल्यावर वाढवून मिळतं." बोलणारा कधी ग्राहकाचा मेहुणा असतो, कधी आपल्याकडे नुकताच लागलेला मुलगा, आणि कधी कधी वीस वर्षे या धंद्यात मुरलेला एजंटही असतो. गिऱ्हाईक शेजारच्या ऑफिसात जाऊ नये एवढाच त्यामागे हेतू. पण मुक्काम वाढवून देणे आपल्या हातात नाही, आपल्या सब-एजंटच्याही नाही. तो त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याचा अधिकार आहे, आणि काही देशांनी ते दार मुद्दामच बंद ठेवले आहे. मुदतवाढीचा विचार पीएनआर बनवण्याआधी झाला पाहिजे, आणि तो आपण करून दिला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अमेरिकेचेच घ्या. मुलीचे किंवा सुनेचे बाळंतपण, आधी एकीकडचे आजी-आजोबा, त्यांचे सहा महिने भरले की दुसरीकडचे : ही पाळी पुण्या-नाशिकच्या कोणत्याही एजंटला तोंडपाठ असते. त्यांच्या पासपोर्टवर दहा वर्षांचा बी-१/बी-२ व्हिसा असतो आणि घरच्यांच्या मनात 'दहा वर्षे' हाच आकडा पक्का बसलेला असतो. प्रत्यक्षात तो व्हिसा माणसाला विमानतळावरच्या अधिकाऱ्यासमोर उभे करतो, एवढेच. आत किती दिवस राहायचे ते तो अधिकारी ठरवतो आणि त्याची नोंद आय-९४ मध्ये होते. बी-२ वर आलेल्याला सहसा सहा महिने मिळतात. पासपोर्टची मुदत लवकर संपत असेल तर त्याहून अलीकडची तारीखही पडू शकते.

पूर्वी पासपोर्टला टाचलेले आय-९४ चे पांढरे कार्ड दिसायचे तरी. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांसाठी ही नोंद ऑनलाइन झाली आणि ज्येष्ठांच्या दृष्टीने ती तारीख अदृश्यच झाली. म्हणून प्रवाशाला निरोप देताना त्याच्या मुलाला किंवा मुलीला एक काम सांगून ठेवावे : उतरल्यावर दोन-चार दिवसांत आय-९४ काढा, तारीख बघा, छापून आईबाबांच्या फाइलमध्ये ठेवा. नाव किंवा तारीख चुकलेली असेल तर ती तेव्हाच दुरुस्त करून घेणे सोपे जाते.

मुदत वाढवायची असेल तर यूएससीआयएसकडे आय-५३९ हा अर्ज करावा लागतो. तो आय-९४ ची तारीख उलटण्याआधी त्यांच्याकडे दाखल झालेला असला पाहिजे. किमान ४५ दिवस आधी करावा असा त्या खात्याचाच सल्ला आहे. एप्रिल २०२४ मध्ये लागू झालेल्या दरांप्रमाणे ऑनलाइन अर्जाला ४२० डॉलर आणि कागदी अर्जाला ४७० डॉलर पडतात. का थांबायचे आहे, खर्च कोण करणार, परत केव्हा जाणार, याची उत्तरे कागदांसह द्यावी लागतात. "नातवाशिवाय करमत नाही" हे कारण घरात चालते, अर्जावर लंगडे पडते. आजारपण, शस्त्रक्रिया, बाळंतपणातली गुंतागुंत असेल तर डॉक्टरांचे पत्र लागते.

यातला खरा पेच मात्र वेगळा आहे. निर्णय यायला अनेकदा महिनोन् महिने जातात. आईबाबांनी मागितलेली वाढीव मुदतही संपते, तरी उत्तर आलेले नसते. वेळेत आणि खऱ्या कारणाने केलेला अर्ज प्रलंबित असेपर्यंतचे दिवस बेकायदा वास्तव्यात धरले जात नाहीत. तो नामंजूर झाला की मात्र दुसऱ्या दिवसापासून मोजणी सुरू होते. १९९६ च्या कायद्याप्रमाणे असे बेकायदा वास्तव्य १८० दिवसांपेक्षा जास्त झाले तर देश सोडल्यावर तीन वर्षे, आणि एक वर्ष वा अधिक झाले तर दहा वर्षे पुन्हा प्रवेश मिळत नाही. एवढे टोक गाठायचीही गरज नाही. अर्ज न करता आय-९४ ची तारीख उलटू दिली तर तो दहा वर्षांचा व्हिसाच रद्द ठरतो आणि नवा मागण्यासाठी माणसाला मायदेशातल्या वकिलातीच्या रांगेत यावे लागते. ही रांग किती लांब असते ते मुंबईतल्या मंडळींना सांगायला नको. म्हणून अर्ज केलेल्या पॅक्सचे परतीचे तिकीट रद्द करू नका, पुढच्या तारखेला रीइश्यू करून ठेवा. आणि अर्जाची पावती पुढच्या प्रत्येक अमेरिका प्रवासात सोबत ठेवायला सांगा, कारण मागच्या वेळी सहा महिन्यांपेक्षा जास्त का राहिलात, हा प्रश्न विमानतळावर येतोच.

आणखी एक खुळचट समजूत याच वर्गात फिरते. नायगाराच्या कॅनडाच्या बाजूला एक चक्कर मारून आले की अमेरिकेत पुन्हा नवे सहा महिने मिळतात म्हणे! कॅनडा किंवा मेक्सिकोत तीस दिवसांच्या आतली फेरी करून आलेल्याला सर्वसाधारणपणे उरलेल्या जुन्या मुदतीवरच आत घेतात. शिवाय कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो, हे सांगणारेही कोणी नसते.

कॅनडाने पालकांसाठी या दुखण्यावर निराळाच उपाय काढला आहे. जुलै २०२२ पासून सुपर व्हिसावर आलेल्या आईवडिलांना आणि आजी-आजोबांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. आधी ही मर्यादा दोन वर्षे होती. त्यासाठी मुलाच्या उत्पन्नाची अट आहे, वैद्यकीय विमा लागतो, कागद जास्त आहेत. पण वर्षभर राहायचे आहे हे आधीच माहीत असताना साधा व्हिजिटर व्हिसा काढून देणे आणि मग मुदतवाढीच्या अर्जाचा घोर त्या कुटुंबाच्या मागे लावणे, हा आपला आळस झाला. चौकशीच्या पहिल्या फोनवर "किती दिवस?" असे विचारून थांबू नये. "बाळंतपण कधी आहे, मदतीला आणखी कोण येणार आहे?" हे विचारले की खरा आकडा बाहेर पडतो.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिजिटर व्हिसाच्या मंजुरीपत्रात कधी कधी ८५०३ या क्रमांकाची अट असते. ती असेल तर त्या देशात राहून पुढचा व्हिसा मागता येत नाही. फार थोड्या अपवादांतच ती माफ होते. आपल्यापैकी किती जण ते पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचून ग्राहकाला देतात? ब्रिटनमध्ये तर साध्या पर्यटकाला सहा महिन्यांच्या पुढे मुदत मिळत नाही. उपचार चालू असण्यासारखी मोजकीच कारणे त्याला अपवाद आहेत.

युरोपच्या ग्रुप टूर करणाऱ्यांना मुदतवाढ हा विषय आपला वाटत नाही. बारा-पंधरा दिवसांचा कार्यक्रम, तेवढ्याच दिवसांचा व्हिसा. पण इंटरलाकेनच्या हॉटेलात सत्तरीतल्या काकू बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले, की टूर मॅनेजरला हा विषय रात्री अकरा वाजता शिकावा लागतो. शेंगेन स्टिकरवर दोन वेगळ्या गोष्टी असतात : व्हिसा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालेल, आणि त्या काळात प्रत्यक्ष किती दिवस राहता येईल. तारखा पुढच्या दिसतात म्हणून दिवसही उरलेत असे समजू नये. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. शेंगेनच्या व्हिसा संहितेचे ३३ वे कलम अशा प्रसंगासाठीच आहे. अटळ आपत्ती किंवा मानवी कारण असेल तर मुदतवाढ विनाशुल्क, गंभीर वैयक्तिक कारण असेल तर ३० युरो. अर्ज व्हिसा देणाऱ्या वकिलातीकडे करायचा नसतो. माणूस ज्या देशात अडकला आहे तिथल्या खात्याकडे करायचा असतो. स्वित्झर्लंडमध्ये ते काम कँटनचे स्थलांतर कार्यालय बघते.

ही संहिता ५ एप्रिल २०१० ला लागू झाली आणि पुढच्या दहाच दिवसांत आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचे आकाश बंद केले. त्या आठवड्यात ज्यांचे ग्रुप तिकडे होते त्यांना हे कलम वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. आता तर १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर येण्याजाण्याची नोंद संगणकावर घ्यायला सुरुवात झाली आहे. शिक्क्यांवरून दिवस मोजताना अधिकाऱ्याची नजर चुकेल, ही आशा सोडलेली बरी.

पूर्वेकडे कारभार सैल आहे, असे म्हणतात. थायलंडमध्ये इमिग्रेशन कार्यालयात जाऊन १,९०० बाट भरले की पर्यटकाला सहसा ३० दिवस वाढवून मिळतात. पण तिथेही न विचारता राहिले तर दिवसाला ५०० बाट आणि जास्तीत जास्त २०,००० बाट दंड आहे, आणि ९० दिवसांपेक्षा जास्त ओव्हरस्टे झाला तर स्वतःहून हजर झालेल्यालाही वर्षभर प्रवेशबंदी होते. बालीत जाणाऱ्यांचा ३० दिवसांचा व्हिसा ऑन अरायव्हल एकदाच, आणखी ३० दिवसांसाठी वाढतो. मुदतीबाहेरच्या प्रत्येक दिवसाला दहा लाख रुपिया दंड पडतो. दुबईत दिवसाला ५० दिरहम. तिथला पर्यटक व्हिसा बहुधा स्थानिक एजन्सीमार्फत निघतो, त्यामुळे पॅक्स वेळेत बाहेर पडला नाही तर त्याचे बिल शेवटी आपल्याच दारात येते.

एका प्रथेबद्दल मात्र कडक बोलायला हवे. इथे बसून, फी घेऊन, ग्राहकाचा आय-५३९ भरून देणारी ऑफिसे वाढली आहेत. अमेरिकेत इमिग्रेशनचा कायदेशीर सल्ला वकिलाने किंवा तिथल्या न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीनेच द्यायचा असतो. कॅनडात पैसे घेऊन असे काम करणारा वकील तरी असावा लागतो, नाहीतर परवानाधारक सल्लागार. ऑस्ट्रेलियात वकील किंवा नोंदणीकृत मायग्रेशन एजंट. आपले तसे नाव कुठेच नोंदलेले नाही. अर्जातले एक चुकीचे उत्तर त्या आजोबांच्या नावावर कायम राहते, तेव्हा आपली फी परत करून काही होत नाही. मुलाला तिथला वकील गाठायला सांगावे आणि तिकीट व विमा एवढे आपले काम चोख करावे.

विम्याकडे खरोखरच दुर्लक्ष होते. मुक्काम वाढला, तिकीट पुढे गेले आणि पॉलिसी मूळ तारखेलाच संपली, अशी प्रकरणे दर मोसमात कानावर येतात. पॉलिसी वाढवायची तर ती चालू असतानाच कंपनीला कळवावे लागते आणि वाढ देणे न देणे कंपनीच्या हाती असते. आधी दावा केलेला असेल तर प्रश्न अधिक विचारले जातात.

आमची एक साधी सूचना आहे. बुकिंग फॉर्मवर व्हिसाच्या मुदतीखाली आणखी दोन रकाने घालावेत : 'मुक्कामाची खरी शेवटची तारीख' आणि 'तिथे राहून मुदतवाढ शक्य आहे का', आणि दुसऱ्याच्या खाली ग्राहकाची सही घ्यावी. काही कार्यालयांनी असा फॉर्म आधीच केला असेल. त्यांनी आपला नमुना संपादकीय पत्त्यावर पाठवावा. पुढच्या अंकात तो छापू.