एका खोलीतलं बाळही झोपायला शिकतं

‘बाळाला झोपेची सवय लावायची तर त्याला वेगळी खोली हवी.’ हा सल्ला आता मुंबईच्या चाळीतही पोचला आहे. कधी तो परदेशातल्या नणंदेच्या फोनवरून येतो, कधी ऑफिसातल्या मैत्रिणीकडून. त्याच्या मागोमाग जो निष्कर्ष काढला जातो, तो जास्त घातक आहे: तुमची दहा बाय सोळाची खोली, त्यात सहा माणसं, तेव्हा तुमच्या बाळाच्या झोपेचं काही खरं नाही. अगदी उलट टोकाला घरातल्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं असतं. ‘आमची पोरं काय शिकवून झोपली? तान्हं लेकरू रात्री उठणारच. आईनं जागायचं असतं.’ मला या दोन्ही मतांना विरोध करायचा आहे. ती एकमेकांविरुद्ध दिसतात, पण दोन्हींचा भार एकाच बाईच्या डोळ्यांवर पडतो.

आधी वेगळ्या खोलीचं पाहू. बाळाला ठरलेल्या वेळी खाली ठेवावं आणि रडलं तरी लगेच उचलू नये, हा उपदेश जुना आहे. एमेट होल्ट या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाचं बालसंगोपनाचं पुस्तक १८९४चं. मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसनने १९२८ मध्ये त्याच विचाराला आणखी करडं रूप दिलं. आज जी पद्धत सर्वांच्या तोंडी आहे, ती रिचर्ड फर्बर यांच्या १९८५च्या पुस्तकाने घरोघरी नेली: बाळाला जागं असतानाच अंथरुणावर ठेवायचं, खोलीबाहेर जायचं, ते रडलं तर काही मिनिटांनी आत येऊन धीर द्यायचा, पुन्हा बाहेर जायचं, आणि दर वेळी मधलं अंतर थोडं वाढवायचं.

या सगळ्या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. आई बाहेर जाऊ शकते. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळींच्या २०७ इमारती १९२०च्या दशकात उभ्या राहिल्या, आणि तिथली जुनी खोली १६० चौरस फुटांची. तिथल्या बाईने बाहेर जायचं म्हणजे सामाईक गॅलरीत जायचं. बाळाचं रडणं तिच्या आधी गॅलरीत पोचलेलं असतं. शेजारी रात्रपाळी करून आलेला वॉचमन झोपलेला असतो, पलीकडे दहावीचा मुलगा अभ्यास करत असतो. दहा मिनिटं थांबणं तिथे कुणालाच शक्य नाही. ती दुसऱ्याच मिनिटाला बाळाला उचलते आणि आपल्याला हे जमलं नाही, असं मनाला लावून घेते. तिला का जमलं नाही? ज्या घरासाठी ती रीत आखली, ते घरच तिचं नव्हतं.

वेगळी खोली ही मुळात वैद्यकीय अटही नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांची अकादमी २०२२च्या आपल्या शिफारशींत सांगते की, किमान पहिले सहा महिने बाळाने आईवडिलांच्याच खोलीत झोपावं, फक्त वेगळ्या अंथरुणावर. म्हणजे जिथे घराला तीन-चार खोल्या असतात, तिथले डॉक्टरही तान्ह्या बाळाला एकटं ठेवा असं म्हणत नाहीत.

इथे एका गोष्टीला मात्र मी साथ देणार नाही. बाळाला थोडा वेळ रडू दिलं की त्याच्या मेंदूला इजा होते, आईवरचा विश्वास उडतो, असं सांगून आयांना घाबरवलं जातं. मेलबर्नमध्ये सव्वातीनशेच्या आसपास बाळांवर या विषयाचा चांगला अभ्यास झाला. सात महिन्यांची झाल्यावर ज्यांच्या झोपेची तक्रार होती, अशी ही बाळं; त्यांतल्या काहींच्या पालकांना झोपेची शिकवणी दिली होती. मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तर त्यांच्या वागण्यात, मनःस्थितीत किंवा आईशी असलेल्या नात्यात झोपेच्या शिकवणीमुळे काही बिघाड दिसला नाही. खास फायदाही उरलेला नव्हता. पण मधल्या काळात, मुलं दोन वर्षांची असताना, शिकवणी घेतलेल्या घरांतल्या आयांमध्ये नैराश्याची लक्षणं कमी आढळली होती. मला हाच त्या अभ्यासाचा गाभा वाटतो. आणि चाळीतल्या आईला सांगण्याजोगी गोष्ट पुढेच आहे: त्या पालकांना दोन वाटा दिल्या होत्या. एक, बाहेर जाऊन थोड्या थोड्या वेळाने परतण्याची. दुसरी, बाळाच्या शेजारीच बसून राहण्याची आणि काही रात्रींत हळूहळू हात सोडवण्याची व अंतर वाढवण्याची. दुसऱ्या वाटेला दार लागत नाही.

आता वडीलधाऱ्यांचं म्हणणं. ‘आमची पोरं आपोआप झोपली.’ मुंबईच्या गिरणगावात मुलं कशी झोपत होती, याची नोंद सरकारी दप्तरात आहे. कामगार बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स यांनी १९२२ मध्ये लिहून ठेवलं की, उद्योगांत काम करणाऱ्या बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव तान्ह्यांना अफू दिली जाते. ती अफूची बाळागोळी. पाळीवर जाणाऱ्या आईकडे दुसरा इलाज नव्हता, म्हणून मी त्या बाईला दोष देणार नाही. पण ती झोप आपोआप आलेली नव्हती. ग्राइप वॉटरमध्येही पूर्वी अल्कोहोल असे. आजही सर्दीचं गुंगी आणणारं सिरप अर्धा चमचा ‘झोपेसाठी’ पाजलं जातं, आणि ते धोक्याचं आहे.

जिथे अफू नव्हती, तिथे हात होते. आजी, आत्या, मोठी बहीण. ही मोठी बहीण बहुधा आठ-नऊ वर्षांची असायची आणि कडेवर बाळ असल्यामुळे तिची शाळा सुटायची. आज ती शाळेत आहे, हे चांगलंच झालं. आजी स्वतः चार घरची धुणीभांडी करून दमून येते. हात कमी झाले आणि जागरण तेवढंच राहिलं, ते एकट्या आईच्या वाट्याला आलं. सकाळी सहाची लोकल तिलाही पकडायची असते. अशा घरात ‘आईनं जागायचं असतं’ हे वाक्य परंपरा म्हणून ऐकून घेता येत नाही.

मग एका खोलीत काय करता येतं? पुष्कळ. फक्त वेळेआधी घाई नको. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला दिवस-रात्र कळत नाही. रात्रीची जाण देणारं मेलाटोनिन शरीरात तालावर येऊ लागतं ते दोन-तीन महिन्यांनंतर. तोवर भूक लागली की पाजायचं, झोप आली की झोपू द्यायचं. चार-सहा महिन्यांपासून पुढे सवय लावण्यात अर्थ आहे, आणि तेव्हाही रात्रीचं दूध तोडणं हा हेतू नसतो. बाळ जागं असतानाच अंथरुणावर ठेवलं आणि झोपेची शेवटची पायरी ते स्वतः उतरलं, एवढंच साधायचं असतं. बाळाच्या झोपेची एक फेरी साधारण पाऊण ते एक तासाची. प्रत्येक फेरीअखेर ते चुळबुळतं, कण्हतं, कधी डोळे मिटूनच रडल्यासारखं करतं. वेगळ्या खोलीतल्या आईला हे ऐकूच जात नाही. एका खोलीतली आई हातभर अंतरावर असते, ती चटकन उचलते, आणि पुन्हा झोपेत शिरणारं बाळ त्यामुळे पुरतं जागं होतं. लहान घराची खरी अडचण ही आहे. आवाज ही ती अडचण नाही; भांड्यांचा आवाज, पंख्याची घरघर, गॅलरीतली बोलणी यांची बाळाला पोटात असल्यापासून सवय असते.

नायगावच्या एका खोलीत मी हे जवळून पाहिलं. बाळ सात महिन्यांचं, वडील हॉटेलात कामाला, घरी यायचे रात्री दीडला. आले की ट्यूबलाइट लागायची, ताट वाढलं जायचं, आणि बाळ उठायचं ते तीनपर्यंत. सगळे म्हणायचे, बाळाला वाईट सवय लागली आहे. खरं तर सवय दिव्याला होती. मग ताट झाकून मोरीच्या बाजूला ठेवू लागले, तिथे पिवळा छोटा बल्ब लावला, दोरीवर जुनी साडी टाकून बाळाचा कोपरा आडोशाला घेतला. पहाटे पाचला नळाला पाणी येतं, पिंपं भरायचीच असतात, ते काही बदलता येणार नव्हतं. म्हणून त्यांनी बाळाची सकाळच पाचला धरली आणि रात्र आठला आणली. कुकर सातच्या आत लागू लागला. आठला टीव्ही बंद. पाजणं उजेडात, मग अंग पुसून कोरडं दुपटं, मग अंधाऱ्या कोपऱ्यात उताणं निजवणं. पहिल्या रात्री आई छातीवर हात ठेवून थोपटत होती. पुढे थोपटणं थांबलं, नुसता हात राहिला, मग हातही चटईवर आला. बाळ जोरात रडलं तर ती उचलायची, शांत करायची आणि पुन्हा खाली ठेवायची. एकटं कुणी कुणाला सोडलं नाही. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की काही रात्री बाळ रडेल. कुणी भिंत वाजवली नाही; उलट पलीकडच्या काकूंनी आपल्या रेडिओचा आवाज कमी केला.

झोळीचा मोह मी समजू शकते. दुपारी आईच्या देखत ती ठीक. पण हेलकाव्यावरच झोपलेलं बाळ रात्री दोनला जागं झाल्यावर हेलकावाच मागतं, आणि दोरी ओढायला कुणीतरी उठावं लागतं. शिवाय रात्री जमिनीवरची पातळ, कडक गादी जास्त सुरक्षित. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवलेली मोहरीची उशी आणि अंगावरची जड गोधडी बाजूला करावी. दोन मोठ्या माणसांच्या मध्ये बाळ नको, आणि दारू किंवा सिगारेट पिणाऱ्याच्या अंथरुणात तर मुळीच नको.

‘सगळ्या घराने एका तान्ह्यासाठी आठला दिवे घालवायचे का?’ हा आक्षेप मी पुष्कळदा ऐकला आहे. सतरा देश-प्रदेशांतल्या २९ हजारांवर लहान मुलांच्या झोपेची तुलना २०१० मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात भारतही होता. न्यूझीलंडमधली मुलं सरासरी साडेसातच्या सुमारास झोपत होती, हाँगकाँगमधली सव्वादहाला. आशियातली बहुतेक मुलं आईवडिलांच्या खोलीत झोपतात, उशिरा झोपतात आणि कमी झोपतात. यावरून कुणी एकत्र झोपण्याला दोष देतं. मला तिथे घर किती वाजता शांत होतं, हे दिसतं. अख्खं घर निजवायचं नाही, एक कोपरा अंधारात ठेवायचा आहे. १६० चौरस फुटांतही एक कोपरा असतो.

आणि यात पुरुषाचं काम आहे. दूध त्याला पाजता येत नाही, पण लंगोट बदलता येतो, छातीवर हात ठेवता येतो. दुधाचा वास नसलेल्या त्या हाताखाली बाळ अनेकदा लवकर शांत होतं. ‘त्याला सकाळी कामावर जायचं असतं’ हे कारण ज्या घरात बायकोही कामावर जाते, तिथे चालू नये. ती घरीच असते, तिथेही चालू नये.

सरकारी लसीकरणाच्या वेळापत्रकात बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात बोलावतात, मग थेट नऊ महिने झाल्यावर. झोपेच्या सवयी नेमक्या या मधल्या काळात जडतात आणि तेव्हा आईला विचारणारं कुणी नसतं. म्हणून दहाव्या आठवड्याच्या लशीच्या वेळी वजनाच्या नोंदीबरोबर नर्सने आणखी दोन प्रश्न विचारावेत, अशी माझी मागणी आहे: खोलीत किती माणसं झोपतात आणि रात्री बाळाला कोण घेतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘मीच’ असं आलं, तर पुढच्या खेपेला बाळाच्या वडिलांना सोबत आणायला सांगावं, आणि हात कसा ठेवायचा, तो कधी उचलायचा, हे तिथेच त्यांना दाखवावं.