फोन स्पीकरवर आहे, हे आधी सांगावे

हिंगोलीहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कळमनुरी तालुक्यात, आखाडा बाळापूर हे बाजारपेठेचे गाव आहे. हळद, सोयाबीन, किराणा, कापड, बियाणे आणि खते यांचा येथील व्यवहार आसपासच्या खेड्यांवर चालतो. अशा पेठेत दुकान आणि घर यांच्यामध्ये पुष्कळदा एक पडदा किंवा एक जिना एवढेच अंतर असते. गल्ल्यावर बसलेल्या माणसाचा एक हात तराजूवर, दुसरा वहीवर. त्यामुळे फोन वाजला की तो काउंटरवर आडवा ठेवून स्पीकर लावण्याची सवय गेल्या काही वर्षांत दुकानोदुकानी रुजली आहे. भाव विचारणारा फोन असेल तर त्यात कोणाचे काही बिघडत नाही. हळदीचा आजचा दर चौघांनी ऐकला, तर चर्चेला विषयच मिळतो. पण त्याच काउंटरवर, तेवढ्याच मोठ्या आवाजात, लेकीचा फोन येतो, डॉक्टरांचा येतो, थकलेल्या हप्त्याचा येतो. हात मात्र सवयीने स्पीकरकडेच जातो.

ज्या काळात गावात फोनच मोजके होते, त्या काळी बोलण्याच्या खासगीपणाची काळजी आजच्यापेक्षा अधिक घेतली जात असे, हे नवल म्हटले पाहिजे. १९८४ मध्ये सी-डॉटची स्थापना झाली आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ लहान गावांपर्यंत पोचले. पुष्कळ बूथमध्ये काचेची एक खोली असे आणि तिला दार असे. आत उकाडा, डोळ्यांसमोर पळणारे मीटर, तरीही बोलणारा दार ओढून घेई. रांगेतल्या माणसाला काचेतून त्याचा चेहरा दिसे, शब्द मात्र सहसा ऐकू येत नसत. पुढे मोबाईल आले, २००३ पासून येणाऱ्या फोनचे पैसे पडेनासे झाले आणि बोलणे स्वस्त झाले. ते काचेचे दार कोणासाठी होते, याचा मात्र विसर पडला.

एक उदाहरण घ्यावे. कोणत्याही पेठेत घडू शकेल असे. कापड दुकानदाराच्या घरची मुलगी दीडशे कोस दूर दिलेली. लग्नाला तीन वर्षे झाली आहेत, घरात अजून पाळणा हललेला नाही, आणि आज डॉक्टरांनी तपासणीचा निकाल सांगितला आहे. तो नवऱ्याच्या बाजूचा आहे. ही गोष्ट तिने सासूलाही सांगितलेली नाही. ती आईला फोन करते. दुपारची वेळ, वडील जेवायला गेलेले, आई दुकानात. समोर दोन बायका साड्या पाहत आहेत. ‘आई, तू एकटीच आहेस ना?’ मुलगी विचारते. आई साडीची घडी घालता घालता म्हणते, ‘हो गं, बोल.’ यात आईने खोटे बोलण्याचा विचारही केलेला नसतो. दुकानातली गिऱ्हाइके तिच्या हिशेबी माणसांत धरलेलीच नसतात. ती दुकानाचा भाग असतात. मुलगी बोलत जाते. स्पीकर बंद करावा हे आईच्या ध्यानात येईपर्यंत चार वाक्ये दुकानभर पसरलेली असतात आणि साड्या पाहणाऱ्या दोघी अचानक फार शांत झालेल्या असतात.

पुढचे सांगण्याची गरज आहे का? बाळापूरसारख्या गावात दोन माणसांमधले नाते शोधायला तीन प्रश्न पुरतात. त्या दोघींपैकी एकीची नणंद मुलीच्या सासरच्या गावी असू शकते. आठवड्याभरात बोलणे फिरून जावयाच्या कानी जाते, आणि मग प्रश्न तपासणीचा राहत नाही. ‘तू माहेरी काय काय सांगतेस’ हा होतो. त्यानंतरही ती मुलगी दर रविवारी फोन करते. प्रकृती विचारते, पावसाचे विचारते, ‘सगळे ठीक आहे’ म्हणते. आईला वाटते, लेक आता सासरी रुळली.

हे नुकसान कोणत्याही खतावणीत चढत नाही. स्पीकरचा खरा तोटा गोंगाटाचा नाही, तो असा आहे. समोरच्या माणसाने आपले बोलणे किती कानांसाठी आहे हे गृहीत धरून शब्द निवडलेले असतात. ऐकणारा ते कान न सांगता वाढवतो. जो बोलतो त्याला आपले श्रोते निवडण्याचा अधिकार असतो आणि तो त्याच्या नकळत काढून घेतला जातो.

तांत्रिक बाजूही थोडी समजून घ्यावी. फोन कानाशी असताना त्याचा मायक्रोफोन तोंडाजवळ असतो आणि आजूबाजूचा आवाज दाबला जातो. स्पीकर लावल्यावर फोन दूर ठेवलेला असतो, म्हणून मायक्रोफोनला लांबचा आवाजही टिपावा लागतो. परिणामी गिऱ्हाइकाची घासाघीस, नोकराला दिलेली हाक, मागच्या खोलीतले भांडण हेही पलीकडे पोचते. गळती दोन्ही बाजूंनी होते. शिवाय आपलाच आवाज परत फिरून पलीकडच्याला ऐकू येऊ नये म्हणून फोन प्रतिध्वनी कापत असतो. दोघे एकदम बोलले की त्या काटछाटीत एखादा शब्द गळतो. ‘नाही’ हा लहान शब्द गळला तर वाक्याचे काय होते, हे व्यवहारी माणसाला सांगायला नको. मोटारीतली सोय याहून फसवी आहे. शिरड शहापूरला दर्शनासाठी दोन कुटुंबे एका गाडीतून निघालेली असतात, चालकाचा फोन गाडीला आपोआप जोडलेला असतो, आणि पलीकडचा माणूस गाडीतल्याच एकाविषयी बोलायला सुरुवात करतो.

सुनेच्या फोनचा विषय नाजूक आहे, पण टाळण्याजोगा नाही. माहेरचा फोन आला की ‘स्पीकर लाव, आम्हीही बोलतो’ असे म्हणण्याची रीत अनेक एकत्र कुटुंबांत आहे. त्यामागे बहुतेक वेळा आपुलकीच असते. व्याही-विहिणींची विचारपूस होते, नातवंडे आजीला गाणे म्हणून दाखवतात, आणि हा आनंद स्पीकरशिवाय मिळालाही नसता. परंतु पाच मिनिटांनी फोन तिच्या हाती देऊन तिला आत जाऊ दिले जाते की नाही, येथे आपुलकी आणि पहारा यांतला फरक कळतो. ज्या घरात सुनेचा प्रत्येक फोन बैठकीत, सर्वांसमोर आणि स्पीकरवरच होतो, त्या घरात तिच्या आईला मुलीचे खरे वर्तमान कधीच कळत नाही. तसे एखाद्या घरात ठरवूनच चाललेले असेल, तर त्याला शिष्टाचाराची चूक म्हणणे सौम्यपणाचे होईल.

शास्त्रकारांनी या बाबीचा किती बारकाईने विचार केला आहे, हे येथे आठवते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार आहेत, त्यांत रहोभ्याख्यान, म्हणजे एकांतातली गोष्ट उघड करणे, आणि साकारमंत्रभेद, म्हणजे दुसऱ्याचे गुपित ओळखून ते फोडणे, हे दोन येतात. श्वेतांबर परंपरेत उपासकदशांगात स्वदारमंत्रभेद सांगितला आहे: पत्नीने विश्वासाने सांगितलेले बाहेर नेणे. लक्षात घेण्यासारखे हे की, उघड केलेली गोष्ट येथे खोटी असावी लागत नाही. ती खरी असली तरी दोष सत्याच्याच व्रताला लागतो. आणि तत्त्वार्थाच्या त्याच यादीत न्यासापहार, म्हणजे कोणी ठेवलेल्या ठेवीचा अपहार, हाही आहे. ठेव आणि गुपित यांचे हे शेजारपण व्यापाऱ्याला समजावून द्यावे लागू नये.

बँकिंगच्या अभ्यासक्रमात एक जुना इंग्रजी खटला शिकवतात. त्याच्या मुळाशी एक टेलिफोनच आहे. टूर्निए नावाच्या खातेदाराकडे नॅशनल प्रॉव्हिन्शियल बँकेचे सुमारे नऊ पौंड येणे होते. हप्ते थकले, तेव्हा शाखाधिकाऱ्याने त्याचा पत्ता विचारण्यासाठी त्याच्या मालकाच्या कचेरीत फोन केला आणि बोलण्याच्या ओघात थकबाकी आणि त्याच्या सट्ट्याच्या नादाविषयीचा संशयही सांगून टाकला. टूर्निएची नोकरी पुढे चालू राहिली नाही. अपील न्यायालयाने निर्णय दिला की, ग्राहकाची माहिती गुप्त राखणे हे बँकेचे कायदेशीर कर्तव्य आहे. कायद्याची सक्ती, सार्वजनिक कर्तव्य, बँकेचे स्वतःचे हित किंवा ग्राहकाची संमती एवढेच त्याला अपवाद. भारतातही राष्ट्रीयीकृत बँकांच्या १९७० च्या कायद्यात कलम १३ गुप्ततेसाठीच आहे.

व्यापारी म्हणेल, तो नियम बँकेला. आपला काय संबंध? संबंध असा की उधारी तोही देतो. कृषी सेवा केंद्रातून जूनमध्ये बियाणे-खत उधार नेलेला शेतकरी सोयाबीन निघाल्यावर किंवा हळद विकल्यावर पैसे देतो. पीक हुकले की मुदत टळते. मग गल्ल्यावरून त्याला फोन जातो, आणि काही दुकानांत तो मुद्दाम स्पीकरवर लावला जातो, जेणेकरून बाकड्यावर बसलेल्या त्याच्याच गावच्या दोघांनी ऐकावे. या युक्तीने एखाद्या वेळी वसुली लवकर होत असेलही. पण तो शेतकरी पुढच्या हंगामात कोणत्या दुकानाची पायरी चढेल, याचा हिशेब कोणी मांडत नाही. आणि बाकड्यावरचे दोघे काय मनाशी बांधून जातात, याचा तर नाहीच. कर्जवसुली करणाऱ्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, ऋणकोच्या कुटुंबाच्या आणि मित्रांच्या खासगी आयुष्यात घुसू नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बँकांना बजावले आहे. दुकानदाराला ते परिपत्रक लागू नाही. मात्र नांदेडच्या घाऊक व्यापाऱ्याचा थकबाकीचा फोन आपल्या गल्ल्यावर, गिऱ्हाइकांसमोर, स्पीकरवर वाजला तर कसे वाटेल, याची कल्पना त्याला परिपत्रकावाचूनही करता येते. पेठेत पत हेच भांडवल असते.

कायद्याकडून येथे फारशी अपेक्षा ठेवू नये. टेलिफोनवरील संभाषण हा व्यक्तीच्या खासगीपणाचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये म्हटले आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. पण ते प्रकरण मुख्यतः नागरिक आणि शासन यांच्यातले आहे. काकांनी स्पीकर लावला म्हणून पुतणी न्यायालयात जात नाही. ती फोन करणे कमी करते. सार्वजनिक वाहनांत निदान नियम तरी होऊ लागले आहेत. मुंबईच्या बेस्टने एप्रिल २०२३ मध्ये इअरफोनशिवाय मोठ्या आवाजात मोबाईल ऐकण्यावर बंदी घातली. घरात आणि दुकानात नियम घरच्यांनीच करायचा.

तो करणे अवघड नाही. फोन उचलताच पहिले वाक्य असावे: ‘स्पीकरवर आहे हं, समोर अमुक बसले आहेत.’ नाव घेऊन सांगावे, कारण ‘दुकानात आहे’ एवढ्याने पलीकडच्याला काही बोध होत नाही. फोन करणाऱ्यानेही नाजूक विषय काढण्यापूर्वी ‘कानाशी धरता का?’ असे विचारायला संकोचू नये. वडीलधाऱ्यांना ‘बोलायला मोकळे आहात ना, की रात्री करू?’ असे विचारता येते. ओटीपी, खाते क्रमांक, तपासणीचा निकाल आणि सोयरिकीची बोलणी स्पीकरवर होऊ नयेत. विशेषतः सोयरिकीची. नकार कळवणारा फोन बैठकीत वाजला आणि मुलीने तो तेथे बसून ऐकला, असे प्रसंग घडतात, आणि त्या मुली ते विसरत नाहीत.

राहिला प्रश्न वृद्धांचा. ज्यांना कमी ऐकू येते, ज्यांचा हात थरथरतो, त्यांना स्पीकर लागतोच, आणि त्यांच्यावर या शिष्टाचाराचा बोजा टाकणे अन्यायाचे होईल. तेथे जबाबदारी भोवतालच्यांची. आजोबांच्या बहिणीचा फोन आला की खोलीतल्यांनी दूरदर्शनचा आवाज कमी करावा आणि दार लोटून बाहेर जावे. ऐंशीच्या घरातल्या भावंडांनाही एकमेकांशी बोलायचे असते, आणि ते सगळेच सुनांनी व नातवंडांनी ऐकण्याजोगे असेल असे नाही. काहींना साधा तारेचा इअरफोन पुरतो. त्यात आवाज कानाशी मोठा होतो, खोलीत होत नाही, आणि हात मोकळा राहतो. दुकानातल्या मोकळ्या हातालाही तोच उपयोगी आहे. गल्ल्याच्या कडेला, चष्म्याच्या घराशेजारी, एका खिळ्याला तो अडकवून ठेवता येतो.